आधी किल्ल्या, मग कपाट

नमस्कार. तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला. बाबा सांगलीत, वय ७६. तुम्ही बंगळूरूला. बाबांनी २००९ ते २०१९ या काळात ब्लॉगवर साधारण १४० लेख लिहिले. त्याआधीचं, १९९९ पासूनचं लिखाण जुन्या कॉम्प्युटरवर आहे, पण फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फोटो तीन फोनमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर. मेलमध्ये रोज 'जागा संपत आली' असा निरोप. आणि तुम्ही विचारताय, की हे सगळं एका ठिकाणी नीटनेटकं ठेवायला कोणतं ॲप किंवा कोणती सेवा घ्यावी.

मी १९९८ साली साताऱ्यात एका छोट्या डीटीपीच्या दुकानात टायपिंगला लागले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका असं सगळं केलं. गेली बारा-तेरा वर्षं मात्र घरोघरचं लिखाण, फोटो, पत्रं गोळा करून ती पुढेही वाचता येतील अशा रूपात आणून देते. खाली जे लिहिते आहे ते याच कामातून आलेलं आहे.

कोणतं ॲप, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुमच्याकडे पसारा आहेच, पण तो सगळ्यांकडे असतो आणि त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही. मला काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याची: 'पासवर्ड बाबांनाच माहीत आहे, आणि ओटीपी त्यांच्या जुन्या नंबरवर येतो.' म्हणजे दहा वर्षांचं लिखाण एका ईमेलवर टांगलेलं, ते ईमेल एका सिमकार्डावर, आणि ते सिम कुठल्यातरी ड्रॉवरमधल्या जुन्या फोनमध्ये. आधी हे सोडवू या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. बाबांना या कामात रस आहे का, की 'माझ्यामागे काय करायचं ते करा' असं ते म्हणतात? त्यांना स्वतःला फोन हाताळता येतो का? आणि त्या लिखाणात असं काही आहे का, जे त्यांना इतरांनी वाचायला नको आहे? शेवटचा प्रश्न नाजूक आहे, पण तो विचाराच. डायरी आणि लेख एकाच फोल्डरमध्ये ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बाबा राजी आहेत आणि तुमच्या शेजारी बसायला तयार आहेत, असं धरून पुढचं लिहिते. ते राजी नसतील तर त्यांच्या पाठीमागे यातलं काहीही करू नका.

किल्ल्या

चार-पाच वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या मुलाने मला बोलावलं. वडील जाऊन आठ महिने झाले होते. वडिलांचा ब्लॉग नेटवर व्यवस्थित दिसत होता, कुणीही वाचावा. पण घरच्यांनी महिन्याभरातच त्यांच्या नंबरचा रिचार्ज थांबवला होता. साहजिकच आहे, कोण ठेवतं चालू? आपल्याकडे ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर तो बंद करता येतो, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. तसंच झालं. मेलचा पासवर्ड डायरीत सापडला, पण ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागला. आत शिरायला वाट उरली नाही. शेवटी दोनशेच्या वर पानं मी एकेक उघडून हाताने उतरवून घेतली, चित्रं एकेक करून वाचवली. तीन आठवडे लागले. आत जाता आलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

म्हणून पहिली गोष्ट: तो जुना नंबर चालू आहे का ते आजच फोन करून बघा. चालू असेल तर रिचार्ज करा आणि खात्याला जोडलेला नंबर बदलेपर्यंत तो चालूच ठेवा. मग बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर त्यांचा आत्ता वापरात असलेला नंबर घाला आणि रिकव्हरीसाठी दुसरा ईमेल म्हणून तुमचा द्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर तिथेच दहा बॅकअप कोड मिळतात. ते छापून घ्या. सिम हरवलं, फोन पाण्यात पडला, तरी त्यातला एक कोड आत नेतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ब्लॉगरच्या (गुगलच्या ब्लॉग लिहायच्या सेवेच्या) सेटिंगमध्ये ब्लॉगला आणखी एक लेखक जोडता येतो आणि मग त्याला ॲडमिन करता येतं. तुमच्या स्वतःच्या ईमेलला तो अधिकार द्या. मग ब्लॉग सांभाळायला बाबांच्या पासवर्डची गरजच राहत नाही. लेखांखाली नाव त्यांचंच राहील. चित्रं मात्र ज्या खात्यातून चढवली त्या खात्याशीच बांधलेली असतात, त्यामुळे त्यांचं खातं जिवंत ठेवणं तरीही आवश्यक आहे. दोन वर्षं कुणीच फिरकलं नाही तर वैयक्तिक खातं पुसून टाकण्याचा हक्क गुगलने २०२३ च्या डिसेंबरपासून स्वतःकडे घेतला आहे. बाबा मेल वाचत असतील तर हा प्रश्न आज नाही, पण पुढे कधीतरी येणार.

त्यावरचा उपाय त्याच खात्यात आहे, निष्क्रिय खाते व्यवस्थापक या नावाने. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसेल तर कुणाला कळवायचं आणि त्यांना काय काय उतरवून घेऊ द्यायचं, हे बाबा स्वतः ठरवून ठेवू शकतात. दहा जणांची नावं देता येतात. हा विषय काढायला मुलांना जड जातं, मला कळतं. मी वडीलधाऱ्यांना असं सांगते की बँकेत नॉमिनी लावला, तसाच इथे लावायचा. त्यांना ते लगेच पटतं, कारण बँकेची भाषा त्यांच्या सवयीची असते.

पासवर्ड वहीत लिहावेत का, हे लोक दबक्या आवाजात विचारतात. या वयाच्या माणसासाठी, घरातल्या कपाटातली वही मला पूर्ण मान्य आहे. फक्त बँकेचे पिन आणि पासवर्ड त्यात नकोत, आणि प्रत्येक पासवर्डसमोर तारीख हवी. तारीख नसली की पाच खोडाखोडींपैकी खरा कोणता ते लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

ब्लॉग घरी आणणं

किल्ल्या हातात आल्या की ब्लॉगची एक प्रत घरी आणा. गुगलच्या टेकआउटमधून, म्हणजे आपलं सगळं उतरवून घ्यायच्या सोयीतून, ती मिळते. सगळं एकदम मागू नका, आधी फक्त ब्लॉगर निवडा, नाहीतर मेल आणि फोटोंचा डोंगर येऊन पडेल आणि हवं ते त्यात सापडणार नाही. उतरवून घ्यायचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो, तेव्हा मेल आला की त्याच दिवशी उतरवा.

जे येईल ते बघून घाबरू नका. सगळे लेख एकाच लांबलचक फाइलीत, मधे मधे खुणांच्या जंगलात असतात. ही फाइल वाचण्यासाठी नसते. दुसरीकडे ब्लॉग पुन्हा उभा करायला ती लागते. वाचण्यासाठी प्रत्येक लेख वेगळा करून साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, आणि एक पीडीएफ करा. १४० लेख म्हणजे रोज पाच केले तर महिनाभर. कंटाळवाणं आहे, पण मी हे काम मुद्दाम हातानेच करते, कारण ते करताना लेख वाचले जातात. कोणता लेख अर्धवट आहे, कुठे चित्र गायब आहे, कोणत्या लेखाचा दुसरा भाग कधी आलाच नाही, हे तेव्हाच कळतं.

प्रतिक्रिया सोडू नका. लोक लेख घेतात आणि प्रतिक्रिया कचरा समजून टाकतात. एका गृहस्थांनी कृष्णाकाठच्या जुन्या वाड्यांवर लिहिलं होतं. लेख बरा होता, पण खाली तीन वाचकांनी त्या वाड्यांत लहानपण घालवल्याचं लिहून कुठे आड होता, कुठे बळद होतं ते सांगितलं होतं. ती माहिती इतर कुठेच नाही. प्रतिक्रिया नाहीशा व्हायला वेळही लागत नाही. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं, तेव्हा त्याच्यामार्फत ब्लॉगवर आलेल्या सगळ्या प्रतिक्रिया त्याच्याबरोबर गेल्या. लेख होते तिथेच राहिले.

प्रत आणल्यावर मोजा. ब्लॉगवर लेख किती, फाइलीत किती. चित्रं किती. आकडे जुळेपर्यंत काम झालं असं समजू नका.

जुन्या फॉन्टची खिचडी

आता ज्या भागाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तो माझ्या दृष्टीने तुमचा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात नाजूक ठेवा आहे. १९९९ ते २००८.

तेव्हा घराघरांत युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षर मराठीच राहील अशी साठवायची पद्धत) पोचलं नव्हतं. श्री-लिपी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, कृतिदेव, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत लोक लिहायचे. या फॉन्टांची युक्ती साधी होती. कॉम्प्युटर मनात इंग्रजी अक्षरच साठवायचा, आणि फॉन्ट त्या अक्षराच्या जागी मराठी आकार काढून दाखवायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच अक्षरं असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की खिचडी. म्हणजे बाबांच्या फाइली बिघडलेल्या नाहीत, फक्त त्यांचा चष्मा हरवला आहे.

तेव्हा तो जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. त्यातल्या विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरची पूर्ण नक्कल आधी घ्या. त्या फोल्डरवाचून बाबांनी नेमका कोणता फॉन्ट वापरला होता हे शोधत बसावं लागतं, आणि एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. तो कॉम्प्युटर अजून सुरू होत असेल आणि त्यावर लिखाण मराठीत दिसत असेल, तर दुसरं काहीही करण्याआधी प्रत्येक फाइल छापा किंवा पीडीएफ करा. पुढच्या रूपांतरात काही चुकलं तर मूळ कसं दिसत होतं याचा पुरावा हवा. स्मरणिका वगैरे पेजमेकरमध्ये (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये) केलेली असेल तर तीही आत्ताच पीडीएफ करा. नंतरच्या इनडिझाइनने सीएस६ पर्यंतच त्या फाइली उघडल्या, पुढच्या आवृत्त्या त्यांना ओळखतच नाहीत.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम. फॉन्टप्रमाणे वेगवेगळे मिळतात, काही नेटवर फुकट आहेत. खासगी पत्रं मात्र कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. त्यासाठी आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारा कन्व्हर्टर शोधा. आणि कन्व्हर्टर कोणताही असो, त्याच्या चुका ठरावीक असतात. कारण समजून घेतलं की त्या पटकन पकडता येतात. जुन्या फॉन्टांत आपण डोळ्यांना दिसेल त्या क्रमाने टाइप करायचो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं: वेलांटी नंतर, रफार आधी. हा उलटापालटीचा खेळ जिथे फसतो तिथे 'वर्ष' चं 'वषर्' होतं, 'धर्म' चं 'धमर्', 'स्थिती' चं 'सि्थती'. असे शब्द शोधा आणि बदला या सोयीने एकेक हेरून काढा. आकडे नीट तपासा, विशेषतः सालं आणि रकमा. आकडा बदलला तर वाक्य तसंच अर्थपूर्ण दिसतं, त्यामुळे ही चूक डोळ्याला खुपत नाही.

यानंतर एक वाचन बाबांनी मोठ्याने करावं आणि तुम्ही पडद्यावर बघावं. आम्ही दुकानात प्रूफं अशीच वाचायचो, एक वाचणार, एक बघणार. एकट्याने मनात वाचताना मेंदू चूक आपोआप दुरुस्त करून पुढे जातो.

आणखी एक बारीक गोष्ट, जिने मला कित्येक वर्षं छळलं. युनिकोडमध्ये आल्यावरही एकच मराठी शब्द दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. 'ॲल्युमिनियम' मधला 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आलं ते २००८ साली. त्याआधी, आणि अनेक कीबोर्डांवर त्यानंतरही, लोक 'अ' लिहून वर चंद्र द्यायचे. तीच गोष्ट 'दुसऱ्या' मधल्या 'ऱ्य' ची. तो नुक्त्याच्या 'ऱ' पासून करता येतो, किंवा साध्या 'र' आणि 'य' च्या मधे एक न दिसणारं चिन्ह घालून. छापल्यावर दोन्ही सारखे, पण शोधायला गेलात तर कॉम्प्युटरला ते दोन निराळे शब्द. एका आजोबांचा 'ॲल्युमिनियमचा डबा' हा लेख त्यांच्या नातीला तीन वर्षं सापडत नव्हता, लेख हरवलाच असं सगळ्यांनी धरलं होतं. तो तिथेच होता, 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेला. म्हणून सगळं लिखाण एकत्र आलं की ही दोन रूपं शोधून एकसारखी करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आवराआवरी

इथवर आलात की तुम्हाला सुचलेला प्रश्न विचारायची वेळ होते: ठेवायचं कसं. मी लोकांना फोल्डर कमी करायला सांगते. उत्साहाच्या भरात माणसं 'बालपण', 'प्रवास', 'व्यक्तिचित्रं', 'चिंतन' असे कप्पे करतात आणि मग आजोबांबरोबरच्या पंढरपूरच्या प्रवासाचा लेख कुठे ठेवायचा यावर अडतात. चार कप्पे पुरेत: लेख, पत्रं, फोटो, आवाज. प्रत्येक फाइलीच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि पुढे शीर्षक. '२०११-०८-१५ वाड्यातला झेंडा' असं. साल पुढे असलं की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तारीख माहीत नसेल तर फक्त साल. तेही नसेल तर बाबांना विचारा, 'हे लिहिलं तेव्हा आपण कुठल्या घरात राहत होतो?' घरावरून साल निघतं, असा माझा अनुभव आहे.

जागेची चिंता लिखाणासाठी करूच नका. देवनागरी अक्षराला युनिकोडच्या प्रचलित साठवणीत तीन बाइट लागतात. हजार शब्दांचा लेख म्हणजे साधारण २० केबी. १४० लेखांचं सगळं मिळून तीन एमबीच्या आत बसतं, म्हणजे तुमच्या फोनने काढलेल्या एखाद्या फोटोएवढं. तुमची जागा खाताहेत ते फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवर येणारी सुप्रभातची फुलं. गुगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, आणि ते भरले की नवे मेल येणं थांबतं. म्हणजे खातं परत मिळवण्याचा मेलही पोचणार नाही. त्यामुळे तो रोजचा निरोप कानाआड करू नका.

पण पुसण्याचं काम सगळ्यात शेवटी. हे मी हात जोडून सांगते. एका बाईंनी जागा करायची म्हणून ऑनलाइन अल्बममधले 'दोनदा आलेले' फोटो पुसले. त्यातला एक अख्खा अल्बम ब्लॉगवर चढवलेल्या चित्रांचा होता. दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर सगळीकडे राखाडी चौकोन. प्रत घरी आली, मोजून झाली, दुसरीकडे नक्कल गेली, की मग हवं ते पुसा. पुसायला घेतलंत की आधी व्हॉट्सॲपमधले व्हिडिओ बघा, जागा तिथेच निघते.

व्हॉट्सॲपवरून आठवलं. बाबांनी २०१९ नंतर लिहिणं थांबवलं, असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. त्या सुमारास ब्लॉग लिहिणारी कितीतरी ज्येष्ठ माणसं व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर लिहू लागली. शाळेचा ग्रुप, नात्यातला ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. तिथे बाबांचे लांबलचक निरोप बघा, त्यात लेख सापडतील. आणि हे लिखाण ब्लॉगपेक्षा कितीतरी नाजूक आहे: १२० दिवस वापर नसेल तर व्हॉट्सॲपचं खातं साधारणपणे पुसलं जातं, फोन बदलताना चॅट हरवतात ते वेगळंच. ग्रुप उघडून 'एक्सपोर्ट चॅट' केलं की सगळा मजकूर एका साध्या फाइलीत येतो. फोटोंशिवाय केलंत तर जास्त मागचं मिळतं. त्यातून बाबांचे निरोप वेगळे करा. मी गेल्या वर्षी एका आजींच्या चॅटमधून ६१ पाककृती काढल्या, प्रत्येकीत 'आमच्या सासूबाई असं करायच्या' पासून सुरुवात.

फोटोंबद्दल थोडकंच सांगते. फोटो कोणाचा आहे हे सांगणारं माणूस असेपर्यंतच त्याला अर्थ असतो. दहा हजार फोटो लावत बसण्यापेक्षा शंभर निवडा, बाबांना एकेक दाखवा आणि फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा: हा कोण, हे कुठे, कुणाचं लग्न. फोटोच्या आणि आवाजाच्या फाइलीला एकच नाव द्या. आणि जुने फोटो नातेवाइकांकडून मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं.

प्रती कुठे ठेवायच्या

माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी १९९४ साली कॅसेटवर घेतल्या होत्या. २००४ साली त्या सीडीवर उतरवल्या. सीडी म्हणजे कायमची, असं तेव्हा आम्ही सगळेच मानत होतो. कॅसेट जुनी झाली म्हणून टाकून दिली. २०१६ मध्ये आई गेल्यावर सीडी लावली. पहिल्या चार ओव्या आल्या. पाचवीत 'पाचवी माझी ओवी' एवढं म्हणून आवाज तुटला, पुढे काही नाही. पुण्यात दोन ठिकाणी दाखवून आणली. सीडीचा पापुद्रा सुटला होता. चौदा ओव्यांपैकी चारच आज माझ्याकडे आहेत. एकच प्रत, तीही एकाच जागी, आणि बारा वर्षांत मी ती एकदाही लावून बघितली नव्हती.

तेव्हापासून मी तीन प्रतींवर ठाम आहे. एक सांगलीच्या घरात हार्ड डिस्कवर. एक बंगळूरूला तुमच्याकडे, दुसऱ्या डिस्कवर. एक क्लाउडवर, तुमच्या खात्यात, बाबांच्या नव्हे. घराला आग लागो, पुराचं पाणी शिरो (सांगलीकरांना २०१९ वेगळं सांगायला नको), एक प्रत दुसऱ्या गावात सुरक्षित राहते. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, त्यात काही कायमचं ठेवू नका. आणि वर्षातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी तिन्ही प्रती उघडून बघायच्या. फाइल दिसते म्हणून थांबू नका, उघडून बघा. मी दसऱ्याला करते, शस्त्रपूजेच्या दिवशी माझी हत्यारं हीच.

ब्लॉगचं काय करायचं

ब्लॉग आहे तिथेच राहू द्या. नवी वेबसाइट काढा, स्वतःचं डोमेन घ्या, असं तुम्हाला अनेक जण सांगतील. तुम्ही स्वतः पुढे लिहिणार असाल तर ते योग्यच आहे. पण दरवर्षी न चुकता पैसे भरणारं कुणीतरी लागतं, आणि एक वर्ष चुकलं की पत्ता दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. शिवाय जुन्या लेखांचे दुवे लोकांनी कुठे कुठे दिलेले असतात, जागा बदलली की ते सगळे तुटतात. मी फक्त दोन गोष्टी करेन. इंटरनेट आर्काइव्हच्या (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संस्थेच्या) वेबॅक मशीनमध्ये प्रत्येक लेखाचा पत्ता देऊन त्याची नोंद करून ठेवेन, ते फुकट आहे. आणि ब्लॉगवर एकच नवं पान घालेन, अनुक्रमणिकेचं: १४० लेखांची शीर्षकं, सालवार, प्रत्येकापुढे बाबांच्या शब्दांत एक ओळ. लेबलं नीट लावत बसण्यापेक्षा वाचकाला याचा शंभर पटींनी उपयोग होतो, आणि बाबांना ते करायला आवडेल असं मला वाटतं.

गणपतीला चार दिवस घरी जाणार आहात म्हणता. तेवढ्यात सगळं होणार नाही, पण हा क्रम मोडू नका: पहिल्या दिवशी नंबर, रिकव्हरी आणि ब्लॉगचा ॲडमिन. दुसऱ्या दिवशी टेकआउट मागवून ठेवा आणि ते येईपर्यंत जुना कॉम्प्युटर चालू करून फॉन्ट्सच्या फोल्डरची नक्कल घ्या. तिसऱ्या दिवशी जुन्या लिखाणाच्या पीडीएफ. चौथा दिवस फोटोंचा, बाबांच्या आवाजासाठी मोकळा ठेवा. बाकी सगळं बंगळूरूहून, सवडीने होतं.

जुनी फाइल वर्डमध्ये उघडलीत की खिचडी दिसेलच. त्यातला थोडा मजकूर निवडा आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव येतं ते बघा. फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी नाव बहुधा तिथे असतं, 'श्री-देव' आणि पुढे आकडा, किंवा 'डीव्हीबी' ने सुरू होणारं काहीतरी. ते नाव जसंच्या तसं, आकड्यासकट मला कळवा. कोणता कन्व्हर्टर चालेल आणि त्यात कोणती अक्षरं हटकून चुकतात, ते त्यावरूनच सांगता येईल.